आधी दोरा गेला

"कापड धड आहे रे, आधी दोरा गेलाय."

म्हापशातल्या सीट कव्हर शिवणाऱ्या काकांनी माझ्या जिप्सी गाडीचं हूड, म्हणजे कापडी छत, उलटं करून शिवणीवर बोट ठेवलं. खरंच, कॅनव्हास मजबूत, पण शिवण नखानं उसवत होती. सुती दोरा आपल्या पावसात भिजून भिजून कुजतो. काकांनी पॉलिएस्टरचा जाड दोरा घालून दुहेरी शिवण मारली. मागचा भाग तेवढा नवा, खिडकीचं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडलं होतं.

बसवलं मी घरीच. हूड आधी उन्हात पसरायचं, तापून सैल झालं की सांगाड्यावर नीट ताणलं जातं.

फक्त दोरा कुजला म्हणून अख्खं हूड टाकून देणारे किती असतील! काकांच्या हाताखाली शिकणारं कोणी दिसलं नाही, ते मनाला लागलं. तुमच्या गावात हे काम करणारं कोणी आहे का?