मुलाखतीतले बोलणे कुठवर जाते?

नाशिकमधल्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मुलाखत देऊन आल्याला तीन दिवसही झाले नव्हते. अंबडमधील आमच्या शॉपफ्लोअरवर सकाळच्या पाळीचे काम लावून देत असताना आमच्या व्यवस्थापकांनी हातातला मापाचा व्हर्नियर मिटवत सहज विचारले, “काय हो, सातपूरचं पाणी मानवेल का तुम्हाला?” मुलाखतीसाठी मी दाढेचे कारण सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. त्यामुळे उत्तर सुचण्याआधी माझा हात गालाकडे गेला.

नोकरी सोडण्याचे कारण मुलाखतीत विचारले, तेव्हा माल पाठवणीच्या घाईत आमच्या तपासणी विभागाचा शेरा बाजूला ठेवला जातो, असे मी मोकळेपणाने सांगितले होते. तेच वाक्य, माझ्याच शब्दांत, आमच्या साहेबांपर्यंत पोचले होते. वाट शोधायला फार डोके चालवावे लागले नाही. समोर बसलेल्या तिघांपैकी एक जण आणि आमचे साहेब पूर्वी एकाच ठिकाणी कामाला होते. लिंक रोडने जोडलेल्या या दोन वसाहतींमध्ये नोकऱ्या बदलणारी माणसे बऱ्याचदा तीच असतात, हे मी मुलाखतीला जाण्याआधीच लक्षात घ्यायला हवे होते.

त्या रात्री मी संतापून कायदा शोधत बसलो. हाती आलेले फारसे दिलासा देणारे नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये झालेल्या नियमांत पासवर्ड, बँक खात्याचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक अशी माहिती संवेदनशील मानली आहे. नोकरी का सोडतो आहे, हे त्या यादीत कुठेच बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अधिक व्यापक आहे, परंतु तोही डिजिटल स्वरूपातील, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवलेल्या माहितीला लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. म्हणजे एचआरच्या संगणकातील माझा अर्ज आणि त्याखालचा शेरा या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. चहाच्या टपरीवर एकाने दुसऱ्याला सांगितलेले वाक्य मात्र येत नाही. डॉक्टर किंवा वकील यांच्यावर व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार गोपनीयतेचे जे बंधन असते, तसे मुलाखत घेणाऱ्यावर आपोआप येत नाही. दोन्ही बाजूंनी तसा करार केला असेल, तर गोष्ट वेगळी. मुलाखतीआधी असा करार मागणारा उमेदवार मी तरी अजून पाहिलेला नाही, आणि मागितला असता तर त्याला बहुधा तिथूनच निरोप मिळाला असता.

याच शोधात मी कपाटातून माझे नेमणूकपत्र काढले. तिसऱ्या पानावर, मी सही करताना न वाचलेले कलम होते: कंपनीच्या उत्पादनाची, ग्राहकांची व प्रक्रियेची माहिती नोकरीत असताना आणि सोडल्यानंतरही बाहेर सांगायची नाही. तेव्हा आमच्याकडे बनणाऱ्या एका भागाबद्दल मुलाखतीत विचारलेला आणखी एक प्रश्न आठवला. “तुमच्याकडे त्या हाउसिंगचं रिजेक्शन किती जातं?” आणि मी, आपल्याला आकडे तोंडपाठ आहेत हे दाखवण्याच्या भरात, मागच्या तिमाहीत बाद झालेल्या मालाचा आकडा दशांश चिन्हासह सांगून टाकला होता, शिवाय तो भाग कोणत्या ग्राहकाला जातो, हेही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे तक्रार करायची म्हणून मनात जुळवून ठेवलेली वाक्ये मी तशीच गिळली. त्यांनी रिजेक्शनबद्दल काही विचारले नाही. त्या मित्राने तेवढे सांगितले नसावे, किंवा सांगूनही साहेबांनी ते मनात ठेवले असावे. अजूनही तिमाहीचा अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.