आहेराची वही आणि लूकचा चौदावा अध्याय

वसई, जानेवारीचा शेवटचा आठवडा

नाताळ सरला, राखेचा बुधवार अजून यायचा आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळात आपल्या कॅथलिक समाजात सहसा लग्ने लावत नाहीत, म्हणून या मधल्या दिवसांत आगाशीपासून पापडीपर्यंत मांडवाला मांडव लागतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचायची हीच वेळ.

येशू तिथे यजमानालाच सांगतो: जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद, नातेवाईक, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, तेही तुला बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गरिबांना, पांगळ्यांना, आंधळ्यांना बोलाव. 'फेड' म्हटले की मला लग्नघरातली आहेराची वही दिसते. कोणाचे पाकीट कितीचे ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्याकडे कार्य निघाले की तेवढे, जमल्यास थोडे वर, द्यायचे. या वहीला मी वाईट म्हणणार नाही. अडल्या घराला गावाने असाच हात दिला आहे. पण जो फेडू शकत नाही, त्याच्या घरी पत्रिका जाते का?

शुभवर्तमानाला खर्चाचे वावडे नाही. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण होते, एकेकात ८० ते १२० लिटर मावणारे. येशूने त्यातल्या पाण्याचा द्राक्षारस केला, तो ४८० ते ७२० लिटर! बेथानीत लाजरसच्या बहिणीने, मरियेने, येशूच्या पायांना लावलेले जटामांसीचे तेल ३०० दीनारांचे होते. मजुराला दिवसाचा एक दीनार मिळे, तेव्हा ही जवळजवळ वर्षाची कमाई. हे विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा येशूला पुढे धरून देणारा शिष्य यहूदा होता, आणि शुभवर्तमानकार योहान स्पष्ट लिहितो की त्याला गरिबांची पर्वा नव्हती. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नातून देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्याच्या, पैशातून मनाला वाटेल ते घ्या, घरच्यांसह देवासमोर जेवा आणि आनंद करा, असा नियमच आहे. पण दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, लेवी (देवाच्या सेवेतले, स्वतःची जमीन नसलेले लोक), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. मेजवानी आणि वाटा एकाच हिशेबात.

आपला हिशेब बिघडतो तो कर्जापाशी. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हेही लूकच्या याच अध्यायात आहे. तर मोजू या. ताटाला ५०० रुपये धरले तर हजार ताटांचे ५ लाख. ते १२ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ११,१०० रुपयांच्या वर जातो आणि नुसते व्याज १ लाख ६७ हजार होते. यात हॉल, बँड, सोने, कपडे धरलेलेच नाहीत. कोणी त्यासाठी वाडीचा तुकडा विकतो. तो तर परत येतच नाही. आणि चर्चला विवाहासाठी काय लागते? वधू, वर, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकू नये, हे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, धर्मसंहितेत, लिहिलेले आहे.

ताटांचा आकडा फुगतो तो 'सहकुटुंब' या शब्दाने. आठ दिवस आधी घरटी फोन करून किती जण येणार ते विचारावे. केटररला हमीचा आकडा त्याहून थोडा कमीच सांगावा, कारण हमीची ताटे उठली नाहीत तरी पैसे द्यावेच लागतात. वाढीव ताटाचा दर मात्र आधी लिहून घ्यावा.

उरलेले अन्न रात्री बारा वाजता आश्रमात पोचवणे हे दान नव्हे. आपल्या दमट हवेत शिजलेला भात दोन तासांवर बाहेर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. पाठवायचेच असेल तर पंगत बसण्याआधी, हात न लागलेल्या टोपातून काढून, झाकून लगेच पाठवावे.

त्याहून चांगले म्हणजे गरिबांना त्याच मांडवात, त्याच पंगतीला बसवणे. कोणती घरे ते धर्मग्रामातल्या (चर्चच्या हद्दीतल्या), गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या लोकांना माहीत असते. पत्रिका घरी जाऊन द्यावी, आणि सगळ्यांच्याच पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापावे. नाहीतर पाकिटात काय घालायचे या काळजीने ती माणसे त्या संध्याकाळी घरीच बसतात.