लॅनोचं डिअर लीज: सही करण्याआधी रस्ता बघा

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. टेक्सासच्या लॅनो काऊंटीत हरणं भरपूर आहेत, त्याबद्दल शंका नको. पण आम्ही ज्या जागेचे पैसे मोजले ती जागा कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि घरी सुटे भाग जोडून बांधलेली रायफल घेऊन जाणार असाल तर तिथे पोचल्यावर पुन्हा झीरो केल्याशिवाय, म्हणजे नेम कागदावर तपासून जुळवल्याशिवाय, ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या खोपटात, बसू नका. या दोन वाक्यांसाठी मी अडीच हजार डॉलर आणि एक वीकेंड घालवलाय.

ज्यांना शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसवता येतात आणि चाळीस किलोचं धूड काट्यांतून तीनशे यार्ड ओढता येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी आधी रेंजवर जावं.

टेक्सासात ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे शिकार म्हणजे लीज, मालकाकडून शिकारीचा हक्क सीझनपुरता भाड्याने घ्यायचा, आणि लीजचा भाव 'गन'वर, म्हणजे माणशी. आमच्या जाहिरातीत होतं: ३८० एकर, चार गन, गनमागे २,२०० डॉलर, 'उत्तम रस्ता, नवे ब्लाइंड'. मेव्हणा ह्यूस्टनला, मी ऑस्टिनला. दोघांपैकी एकानेही जागा न बघता पैसे पाठवले. फोटोत ओक होते, पाण्याची टाकी होती, मागे गुलाबी ग्रॅनाइटचा उंचवटा होता. भुललो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मालक फोनवर लई गोड बोलतोय." तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गन मी एकच घेतली होती, मेव्हणा पाहुणा म्हणून येणार होता. शुक्रवारी फाटकावर मालकाने कागद पुढे केला. पाहुणा फी दिवसाला ७५, दोन दिवसांचे १५०. हरणांना घालायच्या मक्याचे ५०. आणि 'रस्ता देखभाल' १००. फोनवर यातलं चकार शब्दाने निघालं नव्हतं. ऑस्टिनहून सव्वाशे किलोमीटर गाडी हाणून आल्यावर फाटकातून माघारी कोण फिरतो? हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिले पैसे.

आता तो देखभाल केलेला रस्ता. फाटकापासून कॅम्पपर्यंत तीन मैल. चुनखडीचा पांढरा मुरूम, इथे त्याला कलीची म्हणतात. पहिला अर्धा मैल बरा. मग धुण्याच्या पाटीवर असतात तशा आडव्या सरी सुरू होतात, फूट-दीड फुटाच्या अंतराने, दोन मैल न थांबता. हळू चाला तर प्रत्येक सर मोजून हाडात बसते. जोरात चाला तर गाडी सरीच्या माथ्यावरून तरंगते आणि वळणावर मागचं चाक सुटतं. ताशी दहा मैल हा त्यातल्या त्यात सुसह्य वेग, तो सापडेपर्यंत आमच्या डॅशबोर्डचा एक खिळा निखळला होता. पुढे ओढ्यावर फरशी पूल. पाणी नव्हतं, पण फरशीची पलीकडची कड तुटून नऊ-दहा इंचांची पायरी झालीय. मेव्हण्याने उतरून दगड लावले, मी गाडी चढवली. पिकअप होता म्हणून पार झालो. तीन मैलांना चाळीस मिनिटं लागली. शंभर डॉलर देखभाल!

रायफली मागच्या सीटवर, मऊ पिशव्यांत, एकावर एक ठेवलेल्या. हे लक्षात असू द्या.

कॅम्पवर सात गाड्या. चार गनच्या जागेत सात, पाहुणे वेगळेच. ३८० एकर म्हणजे आपल्याकडे लहानसं शिवार वाटतं, पण सात ब्लाइंड मांडल्यावर दोन ब्लाइंडमध्ये काही ठिकाणी अडीचशे यार्डसुद्धा उरत नाहीत. आमच्या ब्लाइंडची खिडकी शेजारच्याच्या फीडरकडे, म्हणजे ठरल्या वेळी मका उधळणाऱ्या यंत्राकडे, उघडत होती. मी ती पुठ्ठा लावून बंद केली आणि शेजारच्या गृहस्थाला जाऊन सांगितलं, तुम्हीही तुमची दक्षिणेची खिडकी वापरू नका. माणूस भला होता, त्याने ऐकलं. खासगी जमिनीवर नारिंगी जाकीट सक्तीचं नाही, तरी येता-जाता घाला. आम्ही घातलं. पैसे भरण्याआधी मालकाकडून ब्लाइंडचा नकाशा मागा आणि प्रत्येक ब्लाइंडचं तोंड कुठे आहे ते विचारा. सांगितलं नाही, तर फोन ठेवून द्या.

'नवे ब्लाइंड' म्हणजे रंग नवा. दार उघडलं तर छताच्या कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं. स्प्रे घेऊन जा आणि आदल्या दिवशी दुपारीच मारा. पहाटे अंधारात टॉर्च लावून मारायची गोष्ट नव्हे ती.

आता रायफलींबद्दल. दोन्ही मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये बांधल्या. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रायफल बांधायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकण्याचा धंदा करायचा तर लागतं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे अ‍ॅक्शन, गोळी भरून उडवणारा मधला भाग. ती दुकानातून, बॅकग्राउंड चेक देऊनच घेतली. बॅरल गनस्मिथकडून बसवून घेतलं, स्टॉक, म्हणजे दस्ते, मात्र घरचे, अक्रोडाच्या लाकडाचे. गोळीचा प्रकार त्याचा ६.५ क्रीडमूर, माझा .३०८. त्याने त्याच्या स्टॉकमध्ये स्क्रू जातात त्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमचे पिलर, म्हणजे नळ्या, घातले. मला म्हणाला, "दाजी, पिलर घाला, लाकूड दबतं." मी म्हटलं, पुढच्या वर्षी. झालं.

शुक्रवारी सकाळी ऑस्टिनच्या रेंजवर माझ्या तीन गोळ्या सव्वा इंचात बसल्या होत्या. शनिवारी, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशी, सव्वासातला फीडर फिरला. मका पत्र्यावर पाऊस पडावा तसा वाजला. पाच मिनिटांत सीडरच्या झाडीतून एक मादी आणि तिच्यामागे दोन पिलं बाहेर आली. पिलं मोठी होती, ठिपके कधीच गेलेले. मागून आणखी एक मादी, एकटी, आडवी, डावीकडे तोंड करून उभी राहिली. एकशेवीस यार्ड. रायफल वाळूच्या पिशवीवर, श्वास अर्धा सोडलेला, यापेक्षा सोपा नेम आयुष्यात मिळायचा नाही. गोळी गेली. तिच्या छातीच्या पुढे धूळ उडाली, आणि शेपट्या वर करून सगळी गायब.

अर्धा तास थांबून खाली उतरलो. रक्त नाही, केस नाहीत. तरी पाऊण तास गोल गोल फिरून बघितलं. ते करावंच लागतं, चुकली असं मनाशी ठरवून निघून जायचं नसतं.

दुपारी खोक्यावर कागद चिकटवला. तीन गोळ्या: पाच इंचांचा पसारा, आणि मध्य सहा इंच डावीकडे. स्टॉकचा मागचा स्क्रू बोटांनी फिरत होता. त्या दोन मैलांच्या सरींनी लाकूड दाबलं आणि स्क्रू सैल झाला. ती मादी डावीकडे तोंड करून उभी होती म्हणून गोळी छातीपुढून गेली. उजवीकडे तोंड असतं तर पोटात बसली असती आणि आम्ही रात्रभर जखमी जनावर शोधत फिरलो असतो. नुसती आठवण झाली तरी पोटात गोळा येतो. मेव्हणा काही बोलला नाही. त्याच्या तीन गोळ्या इंचात होत्या, तेवढं पुरेसं होतं.

तेव्हा: टॉर्क रेंच, म्हणजे स्क्रू मोजक्या जोराने आवळायचा पाना, बरोबर घ्या. घरून निघताना प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की कळतं. रायफल मऊ पिशवीत नको, फोमच्या कडक पेटीत, आणि पेटी सीटवर पट्ट्याने बांधलेली. पोचल्यावर आधी कागदावर तीन गोळ्या, मग चहा. वीस गोळ्या फक्त झीरोसाठी वेगळ्या धरा. मी दहा आणल्या होत्या, सहा मेव्हण्याच्या मित्राकडून उसन्या घेतल्या.

रविवारची सकाळ आम्ही मूर्खपणाने घालवली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, आणि सीझन उघडतो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. म्हणजे बहुतेक वर्षी हा घोळ पहिल्याच वीकेंडला. फोन आपोआप बदलला, फीडरचा टायमर जुन्याच वेळेवर. आदल्या दिवशीचाच साडेपाचचा गजर ठेवून झोपलो, आणि फोनमध्ये सव्वासहा झालेले, आम्ही वाटेत असतानाच फीडर खळखळला. सूर्याला घड्याळाशी देणंघेणं नाही. कायदेशीर वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, तेवढी एकच वेळ पाठ करा.

दुपारी कुंपणाशी गेलो तर पलीकडच्या रँचवर बारा चितळं. हो, आपलीच चितळं, नागझिऱ्यात जीपमधून मान वळवून बघतो ती. १९३२ साली टेक्सासात आणली, आता हिल कंट्रीत, म्हणजे इथल्या डोंगराळ भागात, सगळीकडे पसरलीत. काळवीटही त्याच वर्षी आणलेलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हात लावायचा नाही, इथे वर्षभर शिकारीला मोकळी, संख्येवर मर्यादा नाही. मालक म्हणाला, एखादं आपल्या बाजूला आलं तर मारा, ६०० डॉलर वेगळे. पैशाचं सोडा, मला काही बंदूक उचलवली नसती. मेव्हण्याला उचलवली असती, त्यावर आमचा वाद अजून चालू आहे.

संध्याकाळी पाच-वीसला एक मादी मेव्हण्याने टिपली. एकच गोळी, ती वीस पावलं गेली आणि बसली. टॅग, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी चिठ्ठी, जागेवरच भरायचा: महिना आणि तारीख कापायची, लीजचं नाव आणि काऊंटी लिहायची, जनावराला बांधायचा, मगच हलवायचं. पेन आणि छोटी सुरी एकाच खिशात ठेवा. आम्ही पेन गाडीत विसरलो, मी धावत तीनशे यार्ड जाऊन आणलं. मग त्याच तीनशे यार्डांतून तिला ओढत आणलं. वाटेत फड्या निवडुंग आणि मेस्कीट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण. पोटऱ्यांवर कॅनव्हासचे जाड गेटर, म्हणजे पायपट्टे, घाला, जीन्स पुरत नाही. दिवसा पारा २७ अंशांवर होता, तेव्हा पोट लगेच साफ करून बर्फात घालावं लागतं. बर्फाच्या वीस पौंडांच्या चार पिशव्या तरी घ्या. आम्ही दोनच घेतल्या, त्याही अर्ध्या वितळलेल्या.

आणि मग रात्री साडेआठला तोच रस्ता. फरशीवरचे आमचे दगड कुणीतरी बाजूला फेकले होते.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, सतरा पूर्ण झालेल्यांना तो ऑनलाइन करता येतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त टेक्सासात राहत असाल तर लायसन्स २५ डॉलर, बाहेरून येणार असाल तर ३१५. एच-वन-बीवाल्यांनी नीट ऐका: त्या व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध शिकार लायसन्स असेल तर सूट मिळते. आधी वकिलाशी बोला, मेव्हण्याशी नको.

दुसऱ्या वीकेंडला मी एकटा गेलो, थंडी छान होती, पिलर घातलेली रायफल नीट चालली, एक नर मिळाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मांस कोल्हापुरी मसाल्यात कुकरला लावायचं तर मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त, आणि तेलात हात आखडू नका, कारण त्याला चरबी नसतेच. बायकोने तांबडा रस्सा केला, तिच्या भावाने चार वाट्या प्यायल्या.

रस्ता देखभालीचे शंभर डॉलर परत मागितले. मालकाने उत्तरात खडीच्या ढिगाचा फोटो पाठवला. ढीग त्याच्या घराच्या अंगणात होता.

फेब्रुवारीत मेसन काऊंटीतली एक जागा बघायला जायचंय. पिकअप घरी ठेवून बायकोची कॅमरी, साधी बुटकी कार, नेणार आहे. कॅमरी कॅम्पपर्यंत पोचली तर सही, नाहीतर फाटकावरूनच परत.