तुम्ही विचारलंत म्हणून: चार कॉर्डचं ते रडकं गाणं एवढं चाललं कसं?

कोथरूडला संध्याकाळी माझा गिटारचा क्लास असतो, आणि पोरांना घ्यायला येणारे आईबाबा जिन्यात उभं राहून ऐकत असतात. तर त्यातलं कुणी ना कुणी विचारतंच की सर, सगळी मुलं ते एकच रडकं गाणं का वाजवतात हो, आणि त्यात आहे काय एवढं? कॉलेजच्या बँडवाली पोरं हाच प्रश्न वेगळ्या अंगाने विचारतात, म्हणजे चारच कॉर्ड असून हिट झालं तर आपलं का होत नाही. गाणं म्हणजे रेडिओहेड या इंग्लिश बँडचं 'क्रीप'. दर वेळी जिन्यात अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी त्या चार कॉर्डचं बघू. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले काही सूर. जी, बी, सी आणि सी मायनर, बस्स. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाच क्रम, अंतऱ्याला वेगळं काही नाही, जिथे गायक जीव तोडून ओरडतो तिथेही तेच चार कॉर्ड, फक्त आवाज वाढतो. मग कानाला कंटाळा का येत नाही? तर पेटी घ्या आणि पांढरी पाचचा सा धरा. पहिल्या कॉर्डमध्ये पंचम आहे, दुसऱ्यात तो सरकून कोमल धैवत होतो, तिसऱ्यात शुद्ध धैवत, आणि चौथ्यात परत कोमल धैवत, आणि मग पुन्हा पहिला कॉर्ड म्हणजे पंचमावर घरी. म्हणजे एक सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर चढतो आणि तसाच खाली उतरतो, गाणं संपेपर्यंत. शुद्ध धैवत आला की वाटतं चला, सुटलो, आणि लगेच तो काढून घेतात. जे काही हाय खाल्ल्यासारखं वाटतं ना ते तिथे आहे, शब्दांत नंतर. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना मी हे सांगितलं, ते जुने पेटीवाले, त्यांनी भाता ओढून वाजवून बघितलं, म्हणाले लागोपाठ दोन्ही धैवत, हे काय भलतंच, आणि मग चहा गार होईपर्यंत तेच वाजवत बसले.

शब्द बँडचा गायक टॉम यॉर्कचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक्सिटर युनिव्हर्सिटीत शिकत असताना त्याने हे लिहिलं, एक मुलगी फार आवडते, आणि आपण तिच्या आसपास उभं राहायच्याही लायकीचे नाही असं त्या मुलाला वाटतं, एवढाच मामला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता गंमत रेकॉर्डिंगची. साल १९९२. बँडचा रेकॉर्ड कंपनीशी करार झालाय, अमेरिकेहून शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी हे दोन प्रोड्यूसर आलेत, आणि स्टुडिओ आहे चिपिंग नॉर्टन नावाच्या छोट्या गावात, ऑक्सफर्डपासून साधारण आपल्याला सासवड पडतं तितकं लांब. काम चाललंय दुसऱ्याच गाण्यांवर, कंपनीला त्यातून सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, हवंय. मधेच सरावात बँडने 'क्रीप' वाजवलं. यॉर्क म्हणाला, हे आमचं स्कॉट वॉकर गाणं. वॉकर म्हणजे साठच्या दशकातला खर्जातला उदास आवाजाचा गायक, याला म्हणायचं होतं की त्या धाटणीचं, पण प्रोड्यूसरांना वाटलं खरंच त्याचंच गाणं आहे, आणि ते हळहळले की यांचं सगळ्यात चांगलं गाणं नेमकं दुसऱ्याचं निघालं! नंतर ठरलेल्या गाण्यांचं काम काही जमेना, तेव्हा सगळ्यांचा मूड सुधारावा म्हणून कोल्डरीने सांगितलं, ते मगाचचं वाजवा बरं, आणि टेप चालू ठेवली. एका टेकमध्ये झालं. वाजवून संपल्यावर आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं की गाणं यांचंच आहे.

आणि तो आवाज! कडव्यातून ओरडायच्या भागात शिरताना गिटारचा जो खट्क, खट्क असा दणका येतो तो. बँडचा गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुड, त्याला हे गाणं फार मिळमिळीत वाटायचं, म्हणून त्याने वैतागून तारांवर हाणलं. त्यांचाच दुसरा गिटारिस्ट एड ओब्रायन नंतर म्हणाला की तो आवाज म्हणजे जॉनी गाण्याची वाट लावायचा प्रयत्न करतोय. माझ्या मते गाणं तिथे उभं राहिलं, कारण गाणारा स्वतःची कीव करत बसलाय आणि त्याच्याच बँडमधल्या एकाला ते सहन होत नाहीये, हे दोन्ही एकाच रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. (हाच जॉनी पुढे राजस्थानात आला आणि २०१५ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात तिथल्या कव्वाल आणि बँडवाल्यांबरोबर अख्खा अल्बम रेकॉर्ड करून गेला, तो जरूर ऐका.) तो खट्क वाजवायला सोपा आहे, डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) चालू, आणि उजव्या हाताने मनापासून हाणायचं. पोरं इथे लाजतात. घरी कोण ओरडेल अशा बेताने हळूच वाजवतात आणि मग तो आवाज पापड मोडल्यासारखा येतो.

शेवटी जो पियानो येतो तोही असाच. पियानोचा ट्रॅक आधीपासून यायचा होता, कोल्डरी मिक्स करताना तो चढवायलाच विसरला, आठवण झाली तेव्हा गाणं संपत आलेलं, आणि बँडला तेच आवडलं म्हणून ठेवलं.

हे सगळं ऐकून पोरं म्हणतात म्हणजे नशीबच की सर. नाही हो. ही पाच जणं ॲबिंग्डनच्या शाळेतली, १९८५ पासून एकत्र वाजवत होती. टेप चालू आहे याचा विचार न करता एका टेकमध्ये गाणं पार पाडणं हे सात वर्षं एकत्र घासल्याशिवाय येत नाही, आणि आपल्याकडे फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेआधी महिनाभर बँड जमतो, करंडक झाला की ड्रमर कॅम्पस प्लेसमेंटच्या तयारीला लागतो.

बरं, लगेच हिट झालं का? अजिबात नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये सिंगल आलं, बीबीसीच्या रेडिओ वनला ते फार उदास वाटलं, जेमतेम सहा हजार प्रती खपल्या आणि ब्रिटनच्या हिट गाण्यांच्या यादीत ते ७८ व्या नंबरवर अडकलं. विषय संपला असंच समजले असतील सगळे. मग इस्रायलमध्ये योआव कुटनर नावाच्या रेडिओवाल्याने ते लावून धरलं आणि तिथे ते इतकं चाललं की बँडला तेल अवीवला जाऊन कार्यक्रम करावा लागला. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ स्टेशनने उचललं, मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बाकीच्यांनी, मग एमटीव्ही. अमेरिकेच्या मुख्य यादीत ३४ पर्यंत गेलं, आणि शेवटी ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९३ ला पुन्हा काढलं तेव्हा तेच गाणं सातव्या नंबरवर. तेच हं, सूर बदलला नाही की शब्द बदलला नाही, एक वर्ष गेलं आणि बाहेरच्या लोकांनी वा म्हटलं, एवढंच. घरच्यांना किंमत बाहेरून आल्याशिवाय कळत नाही, हे पुणेकराला मी काय सांगणार.

हे गाणं चोरलेलं आहे का असंही विचारता, म्हणून तेही. हॉलीज या बँडचं 'दि एअर दॅट आय ब्रीद' १९७४ मध्ये गाजलं होतं, कॉर्डची चाल तीच आणि मधल्या भागातली चालही जवळची. त्या गाण्याचे मूळ कर्ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि आता 'क्रीप'च्या श्रेयात त्यांचीही नावं असतात. हॅमंड नंतर म्हणाले की पोरांनी प्रामाणिकपणे कबूल केलं म्हणून आम्ही छोटासाच वाटा घेतला. तेव्हा तुमच्या ओरिजिनल गाण्यात कुठलं गाणं डोकावतंय हे आईने ओळखायच्या आत तुम्हीच सांगून टाका.

आणि बँडचं काय झालं, तर त्यांना या गाण्याचा वीट आला. लोक तेवढं ऐकायला यायचे आणि ऐकून निघून जायचे. १९९४ मध्ये त्यांनी 'माय आयर्न लंग' केलं (आयर्न लंग म्हणजे रुग्णाला आत झोपवून श्वास देणारं जुनं यंत्र), त्याचा रोखच हा की ज्याने जगवलं त्यानेच जखडून ठेवलंय. पुढे कित्येक वर्षं ते 'क्रीप' वाजवायचंच टाळत, मग अधूनमधून वाजवायला लागले. मला विचाराल तर हे त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं नाही, दहात घेईन की नाही सांगता येत नाही. पण क्लासमध्ये शिकवायला याच्याइतकं कामाचं दुसरं नाही, कारण यात बी मेजर आहे. बी मेजर म्हणजे बार कॉर्ड, पहिल्या बोटाने दुसऱ्या पट्टीवरच्या तारा आडव्या दाबायच्या, आणि इथे निम्मी पोरं गिटार पलंगाखाली ठेवून देतात. 'क्रीप' वाजवायचं असेल तर त्यातून सुटका नाही, आणि गाणं इतकं सावकाश आहे की बोट पोचायला वेळही मिळतो.

राहिला दरवर्षीचा नेहमीचा प्रश्न, की गॅदरिंगला घेऊ का. घ्या की, बिनधास्त घ्या. फक्त रेडिओवाली आवृत्ती घ्या, अल्बमवरच्या गाण्यात एक शिवी आहे, रेडिओसाठी त्यांनीच तिच्या जागी साधा शब्द घालून गायलंय, आणि पहिल्या रांगेत प्राचार्य सपत्नीक बसलेले असतात. खट्क मात्र जोरात. साउंडवाला मधेच आवाज कमी करेल, त्याला आधीच गाठून सांगून ठेवा.