कोकण उजवीकडे काढावं लागतं

"अंध मुलांना इतकी वर्षं शिकवता, तुम्ही त्यांच्याकडून काय शिकलात?" विचारणाऱ्याला बहुधा ‘जिद्द’ हे उत्तर हवं असतं. जिद्दी मुलं असतात, तशी आळशीही असतात; गृहपाठ बुडवणारी तर कुठल्याही वर्गात असतात तितकीच. मी शिकले ते धड बोलायला, आणि काय गाळायचं ते ठरवायला.

‘हे इथे ठेव, ते तसं वळव’ अशी सवय डोळस मास्तरांच्या जिभेला असते. बोट दाखवलं की वाक्य पुरं झालं असं आपल्याला वाटतं. इथे ‘तुझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेपासून वीतभर आत’ असं सांगावं लागतं. उजवं-डावं मुलाचं धरायचं. समोर उभं राहून आपलं सांगितलं की डबा खाली पडलाच. ताटासाठी घड्याळ बरं: मीठ बाराला, भाजी तीनला, चटणी दहाला. डावी-उजवी बाजू ठरवून पान वाढायची आपली जुनी रीत इथे फार उपयोगी पडते. ‘बघ’ हा शब्द मात्र टाळू नका. मुलं स्वतःच ‘काल मॅच बघितली’ म्हणतात.

गाळायला शिकवलं नकाशाने. टायरच्या ट्यूबचा सपाट तुकडा, त्यावर जाड ड्रॉइंग पेपर आणि शिंप्याकडची दातेरी चक्री, ती करंजीच्या कातण्यासारखी दिसते. कागदाच्या पाठीवर चक्री दाबत नेली की पुढच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठते. म्हणजे पाठीवर सगळं उलटं हवं, कोकण किनारा उजवीकडे. छापील नकाशा खिडकीच्या काचेवर पालथा धरून गिरवला की हे आपोआप साधतं. नदीला सुती दोरा, शहराला मुगाच्या डाळीचा दाणा, सपाट बाजू खाली. गोंद रात्रभर वाळू द्यायचा, नाहीतर बोटाबरोबर नाशिक सरकतं.

नवीन शिक्षक हद्द, नद्या, सह्याद्री, जिल्हे सगळं एकाच कागदावर बसवतात. डोळ्याला ते सुरेख दिसतं, बोटाला नुसता खरखरीत कागद लागतो. दोन रेषांत निदान अर्धा सेंटीमीटर मोकळं हवं. म्हणून एका कागदावर फक्त हद्द, दुसऱ्यावर हद्द आणि गोदावरी-कृष्णा, तिसऱ्यावर हद्द आणि सह्याद्री. गोदावरी कळायला जिल्ह्यांच्या सीमा लागतच नाहीत, हे डोळस मुलांना शिकवताना कधी सुचलं नसतं. आता त्यांच्या फळ्यावरही मी कमी लिहिते.

तो उलटा नकाशा आपल्याला अवघड जातो. मुलं तेच रोज करतात. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. टोचायचं कलम तिरकं धरलं तर कागदाला भोक पडतं आणि ठिपका बोटाला लागत नाही. वाचताना बोट जोरात दाबलं तर ठिपकेच बसतात, म्हणून हलका हात हा पहिला धडा. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत, ‘कि’ लिहिताना आधी क, मग इ, म्हणजे उच्चारतो तसंच; वेलांटी आधी काढायची खोड आपल्या देवनागरीची. ‘क्य’मध्ये हलन्ताची खूण, म्हणजे ब्रेलच्या सहा ठिपक्यांपैकी ४ क्रमांकाचा ठिपका, क च्याही आधी येतो. अर्ध्या क ची वर्दी बोटाला आधीच मिळते.

चालतानाही तसंच. मुलाला दंडाला धरून ढकलू नका. त्याने तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून यायचं. जिन्याशी थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच सांगा. अरुंद दारात आपला हात पाठीमागे न्या, तो आपोआप मागे होतो. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून द्या, बसेल तो. आणि खोलीतून जाताना ‘मी निघाले’ म्हणा. नाहीतर मूल रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतं.