कोरियन इंजिनिअर आणि गेटवरचे रजिस्टर

कुपवाड एमआयडीसीतील एका डाय-कास्टिंग कारखान्याच्या मालकांनी गेल्या वर्षी कोरियाहून एक डाय डिझाइन इंजिनिअर, म्हणजे धातू ओतण्याच्या साच्यांची रचना करणारा माणूस, दोन वर्षांच्या करारावर आणला. रोजगार व्हिसा हातात पडला त्या दिवशी ते पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, सुटलो एकदाचे." मी सांगलीत कामगार कायद्याची वकिली करतो. ग्रॅच्युइटी, ठेकेदारी कामगार, पीएफच्या नोटिसा हे माझे रोजचे काम. परदेशी कर्मचाऱ्याचे प्रकरण वर्षातून एखाददुसरेच येते. तरीही तेवढ्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. व्हिसा मिळेपर्यंत मालक प्रत्येक कागद दहादा तपासतो आणि माणूस विमानातून उतरला की फाइल कपाटात जाते. अडचणी मात्र बहुतेक त्यानंतरच्या असतात.

रोजगार व्हिसासाठी वार्षिक पगार 16.25 लाख रुपयांपेक्षा जास्त असावा लागतो आणि काम उच्च कौशल्याचे असावे लागते. कारकुनी किंवा नेहमीच्या स्वरूपाच्या कामासाठी तो मिळत नाही. विशिष्ट देशाचे जेवण बनवणारे आचारी, दुभाषे, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक अशा काही जणांना पगाराच्या अटीतून सूट आहे. आमच्या मालकांनी सुरुवातीला रोख पगार 13 लाख धरून जेवण, गाडी आणि मोबाइलचे बिल त्यात मिळवून आकडा जुळवला होता. ज्या सुविधा प्राप्तिकरासाठी पगारात मोजल्या जात नाहीत त्या इथेही मोजता येत नाहीत, हे समजावण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी पगार महिना दीड लाख, म्हणजे वर्षाला 18 लाख ठरला.

त्या आकड्यातून पुढचा धक्का निघाला. ऑक्टोबर 2008 पासून पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत काम करणारा परदेशी नागरिक 'आंतरराष्ट्रीय कामगार' समजला जातो आणि त्याला 15,000 रुपयांची वेतनमर्यादा लागत नाही. त्यामुळे 15,000 च्या हिशेबाने महिन्याला 1,800 रुपयांची कल्पना केलेल्या मालकांना पूर्ण दीड लाखावर स्वतःच्या वाट्याचे 18,000 आणि इंजिनिअरच्या पगारातून कापलेले 18,000 असे 36,000 रुपये भरावे लागतात. कोणीतरी त्यांना सांगितले होते की कोरियाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार, म्हणजे दोन्ही देशांत दुहेरी वर्गणी पडू नये यासाठीचा करार, आहे, तेव्हा पीएफ लागणार नाही. करार आहे, हे खरे. पण त्यातली सूट कोरियातल्या नोकरीवर राहून तिथल्या कंपनीने इकडे पाठवलेल्या आणि तसे प्रमाणपत्र आणणाऱ्या माणसाला मिळते. आमच्या इंजिनिअरला तर कुपवाडच्या कंपनीनेच थेट नोकरी दिली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगारांच्या पीएफची ही तरतूदच रद्दबातल ठरवल्याचे कात्रणही त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्या निकालाच्या भरवशावर सांगलीत बसून वर्गणी थांबवावी, असे मी कोणत्याही मालकाला सांगणार नाही.

नोंदणीचे काम तुलनेने सोपे गेले. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या रोजगार व्हिसावर आलेल्या माणसाने आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक. विश्रामबागेतील ज्या फ्लॅटमध्ये तो राहायला आला, त्याच्या मालकाने परदेशी माणूस राहायला आल्याची 24 तासांत द्यायची माहिती, जिला जुन्या सवयीने सगळे अजून 'सी फॉर्म' म्हणतात, ती मात्र राहून गेली होती. निवृत्त शिक्षक असलेले ते गृहस्थ मला म्हणाले, "मी काय लॉज चालवतो का?" घर भाड्याने देणाऱ्यालाही हे बंधन आहे, हे त्यांना पटायला पोलिसांची एक चौकशी लागली.

खरा प्रश्न जानेवारीत समोर आला. व्हिसा एका वर्षाचा होता आणि इंजिनिअर 11 मार्चला उतरला होता, म्हणून कंपनीच्या कॅलेंडरवर मुदतवाढीची तारीख मार्चमध्ये लाल पेनाने लिहिलेली होती. परंतु व्हिसाची मुदत उतरल्याच्या दिवसापासून धावत नाही, ती व्हिसा दिल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि पासपोर्टवरची ती तारीख 3 फेब्रुवारी होती. मुदतवाढीसाठी करार, करकपात, पीएफ, राहण्याचा पत्ता यांचे कागद गोळा करायला मी स्वतः कारखान्यात गेलो. हजेरी तपासताना काही मंगळवार आणि शुक्रवार कोरे दिसले. रजा होत्या का, असे विचारल्यावर टाइमकीपर गप्प बसला.

उत्तर मिरज एमआयडीसीत मिळाले. तिथे मालकांच्या धाकट्या बंधूंचे वर्कशॉप आहे. त्याच्या गेटवरच्या लांबट रजिस्टरात वॉचमनने निळ्या पेनाने लिहिले होते: 'कोरिया साहेब, आत 9.10, बाहेर 6.30'. असे दर मंगळवारी, दर शुक्रवारी, सलग पाच महिने. मी ते पान मालकांपुढे ठेवले तेव्हा ते मनापासून चकित झाले. "दोन्ही कारखाने घरचेच की हो," ते म्हणाले. घर एक असले तरी कायद्याच्या दृष्टीने कुपवाडला प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे आणि मिरजेला वहिनींच्या नावाची प्रोप्रायटरी फर्म. रोजगार व्हिसा ज्या कंपनीच्या नावाने दिला, तिच्याकडेच काम करण्यापुरता असतो. भारतात राहून मालक बदलण्याची सवलत मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्या अशा मोजक्या नात्यांतच मिळते आणि तीही आधी परवानगी घेऊन. दीर-भावजयीचे नाते त्यात बसत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने 1946 च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे मोडीत काढले, आणि त्यात व्हिसाच्या अटींचा भंग करणाऱ्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या बिचाऱ्याला गाडीत बसवून नेत होते, एवढेच त्याला ठाऊक होते. त्याच्याबद्दलचे हमीपत्र मात्र कंपनीने सही-शिक्क्यानिशी दिलेले होते.

रजिस्टरचे ते पान 'हरवावे' ही सूचना अर्थातच आली, आणि मी ती फेटाळली. मिरजेच्या फेऱ्या त्याच दिवशी बंद केल्या, आत्तापर्यंत काय घडले याची टिपणे तारखांसह कंपनीच्या फाइलला लावली आणि मुदतवाढीच्या अर्जात कामाचे ठिकाण, हुद्दा आणि पगार करारात होते तेच ठेवले, कारण पोलीस, प्राप्तिकर आणि पीएफ या तिन्ही ठिकाणी हेच तपशील वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिले जातात. अर्ज 22 जानेवारीला दाखल झाला.

आता धाकटे बंधू मंगळवारी स्वतः ड्रॉइंग घेऊन कुपवाडला येतात. इंजिनिअर आपल्याच टेबलावर बसून ती दुरुस्त करतो आणि कंपनी भावाच्या फर्मवर डिझाइनचे बिल फाडते, वर जीएसटी लावून. पहिल्या बिलावरून दोघा भावांत आठवडाभर अबोला होता, असे टाइमकीपरने मला सांगितले.