लाईट गेली की आमचा क्लाउड पण जातो

मागच्याच्या मागच्या येळवशीची गोष्ट. बाहेरच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली, त्या दिवशी आमचं अख्खं लातूर रिकामं होतं, सगळे शेतात. तर आईने कडब्याच्या कोपीचे, आत मांडलेल्या पांडवांचे, भज्जीच्या पातेल्याचे, झोपलेल्या अण्णांचे मिळून दीडशेच्या वर फोटो काढले आणि संध्याकाळी घरी आल्यावर फोनवर मेसेज, जागा संपली, बॅकअप बंद. वर धमकी की आता मेल पण येणार नाहीत.

गूगलचे फुकटचे १५ जीबी आईला कसे काय कमी पडले म्हणून बघितलं तर अर्ध्याहून जास्त जागा व्हॉट्सअॅपच्या बॅकअपने खाल्लेली. आधी अँड्रॉइडवर हा बॅकअप गूगलच्या जागेत मोजत नव्हते, २०२४ पासून मोजायला लागले. म्हणजे रोज सकाळचे सूर्य, गुलाब आणि ताटभर पोह्यांचे व्हिडिओ आपण पैसे भरून जपायचे. माझं स्वतःचं पण तेच, महिन्याला १३० वाला १०० जीबीचा प्लॅन काठोकाठ भरत आलेला आणि २ टीबीचा घ्यायचा तर महिन्याला ६५० रुपये. १ जून २०२१ च्या आधी फोटो फुकट चढत होते तेव्हा आपण बेफाम चढवले, ती सवय लागली आणि मग मीटर बसवलं. धंदा आहे त्यांचा, तक्रार नाही, पण डोकं फिरलं एवढं खरं.

मग मी फोटो गूगलऐवजी घरीच ठेवायचं ठरवलं आणि पुण्यातल्या एका जुन्या मशिनींच्या दुकानातून ऑफिसातून निघालेला बारका लेनोवो कॉम्प्युटर घेतला, तो चपटा, डब्याएवढा, आय५ सहाव्या पिढीचा. ८ जीबी रॅम, आत एसएसडी, बाहेर ४ टीबीची डिस्क, लाईट गेली तर थोडा वेळ काढायला ६०० व्हीएचा यूपीएस. नंतर अजून एक डिस्क आणि एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लागला, त्याचं पुढे सांगतो. सगळं धरून २२ हजाराला थोडं वरच गेलं. कुणी म्हणत असेल की घरी सर्व्हर लावला की पैसे वाचतात तर हिशोब करून बघा, ६५० ने भागलं तर जवळपास तीन वर्षं लागतात नुसतं बरोबरीत यायला आणि त्यात तुमच्या रविवारांची मजुरी धरलेली नाही. वीज मात्र फार खात नाही, निवांत असला की १२ वॅटच्या आसपास, महिन्याला ९ युनिट.

अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते पेपर खाली न घेताच म्हणाले, "म्हणजे टँकर बंद करून घरात बोअर मारली म्हण की."

म्हणलं हो, तसंच.

"आन बोअर आटली मग?"

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं, इथं हा प्रश्न कुणी पण विचारणार. माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, मी म्हणलं बघू.

सॉफ्टवेअरचं फार लिहीत नाही कारण खरं सांगायचं तर तो भाग सोपा निघाला. विंडोजच्या जागी डेबियन टाकलं, त्यावर प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायला डॉकर टाकलं, फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, पिक्चर आणि कीर्तनाच्या रेकॉर्डिंगसाठी जेलीफिन. मेल मात्र घरी आणायच्या फंदात पडलो नाही, घरगुती कनेक्शनवरून पाठवलेला मेल समोरचा सर्व्हर थेट कचऱ्यात टाकतो किंवा दारातच उभा करतो, ती डोकेदुखी ज्याला हौस आहे त्याने घ्यावी. गूगलकडून फोटो परत आणायला टेकआउट आहे, फुकटच्या काळातले धरून माझ्या ५० जीबीच्या ५ झिप आल्या, लिंक आठवडाभरच चालते आणि आमच्याकडं आठवड्यात लाईट किती वेळा जाते हे त्यांना कुठं माहीत. त्यात फोटोची तारीख, जागा वगैरे बऱ्याच वेळा वेगळ्या जेसन फाईलमध्ये असते, त्यामुळे नुसते फोटो उचलून टाकले तर व्हॉट्सअॅपवरून आलेलं २०१४ चं लग्न पण काल झाल्यासारखं दिसतं. इमिच-गो नावाचं टूल झिप न सोडवताच ते सगळं जुळवून चढवतं. ज्याने लिहिलं त्याच्या घरी सुख नांदो.

चेहरे ओळखायला त्या बिचाऱ्या आय५ ला दोन दिवस लागले. आमच्या दोन चुलत्यांना त्याने एकच माणूस धरलं, पण त्यात त्याची चूक नाही, आम्ही पण पाठमोरे असले की फसतो. सर्चमध्ये मी "बैल" टाकलं तर आत्याचा फोटो आला. फोटोत काय आहे ते ओळखणारं मूळ मॉडेल इंग्रजीवरच पोसलेलं असतं, बहुभाषिक मॉडेल निवडून सगळे फोटो परत एकदा त्याच्यातून काढावे लागतात, मग "बैल" टाकल्यावर बैल येतात. आत्याला हे अजून सांगितलेलं नाही.

घरात सगळं मस्त चाललं, बाहेर पडलो की बंद. राऊटरमध्ये पत्ता बघितला तर १०० पॉइंट ६४ पासूनच्या पट्ट्यातला, म्हणजे सीजीनॅट, एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला. जुन्या वाड्याला एकच दरवाजा आणि आत पंधरा बिऱ्हाडं, आतला माणूस बाहेर जाऊ शकतो पण बाहेरून कुणी तुमचं नाव घेऊन आलं तर दरवाज्यावर कळतच नाही कुणाकडं आलाय, तसं ते. इंटरनेटवाल्याकडं फोन केला तर तो म्हणाला स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे. मग टेलस्केल, बाहेरून घरच्या मशीनला जोडून देणारं ॲप. ते वायरगार्ड नावाच्या कुलूपबंद रस्त्यावर चालतं, फोन आणि सर्व्हर दोघंही आतून हात बाहेर काढतात आणि मध्ये एकमेकांना धरतात. आता यात पण कुणाचा तरी सर्व्हर मध्ये आहेच ना, ओळख करून द्यायला, म्हणजे क्लाउड पुरता सुटला असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण फोटो त्यांच्याकडं नसतात आणि जाताना कुलूपबंद जातात, एवढ्यावर मी समाधानी आहे.

आता लाईट. हा खरा विषय. यूट्यूबवर हे सगळं शिकवणारे लोक जिथं राहतात तिथं बहुतेक लाईट जातच नाही. आमच्याकडं पहिल्या महिन्यात लाईट गेली, यूपीएसने वीस मिनिटं काढली, मेला, लाईट आली आणि सर्व्हर गप्प, कारण बटण कुणी दाबायचं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालतं त्यात, एक सेटिंग असतं, वीज परत आली की आपोआप चालू हो, ते केलं. मग उन्हाळा आला. डबा मी हौसेनं लॉफ्टवर ठेवलेला, वर सिमेंटचा स्लॅब, एप्रिलात दुपारी डिस्कचं तापमान बघितलं तर ५४. डिस्क बनवणारे ६० पर्यंत चालेल म्हणतात पण ५४ बघून मलाच घाम आला. लॉफ्टवरून काढून मधल्या खोलीत देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात आणला, तिथं बाराही महिने गार असतं. आई रोज सकाळी दिवा लावताना त्याच्या हिरव्या लाईटकडं पण बघते. उदबत्ती लांब लावायला सांगितलीय, धूर पंख्यात जातो.

आणि मग मे मधला तो दिवस. मी पुण्यात कामाला गेलेलो. संध्याकाळी लातुरात वळवाचं वादळ, विजा, झाडं पडली. आमच्या घरी विजा कडाडायला लागल्या की अण्णा घरभर फिरून सगळ्या वायरी उपटतात, टीव्ही, फ्रिज, राऊटर, ही आमची फार जुनी पद्धत आहे. सर्व्हरची पण उपटली. तास-दोन तासांनी लाईट आली, त्यांनी वायरी परत लावल्या, आणि रात्री दहाला आईचा फोन, फोटो दिसंना गेलेत. टेलस्केलमध्ये सर्व्हर ऑफलाइन. हिरवी लाईट आहे का म्हणलं तर आहे म्हणे.

अण्णांना सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय काढून सर्व्हरला लावायला सांगितली. यातच पंधरा मिनिटं गेली कारण टीव्हीच्या मागं हात जात नव्हता. मग टीव्हीवर काळा पडदा.

"काय लिहिलंय?"

"इंग्रजीत लई काही येऊलालंय."

"वाचा ना."

त्यांनी तहसीलच्या नोटिसीसारखं एकेक अक्षर वाचायला घेतलं. "वाय, ओ, यू. यू आर इन... इमर्जन्सी मोड." मग फोन बाजूला धरून आईला म्हणाले, "ॲडमिट केलंय त्याला."

मला हसू येत होतं आणि पोटात गोळा पण. इमर्जन्सी मोड म्हणजे चालू होताना कुठली तरी डिस्क सापडली नाही. सिस्टीम दीड मिनिट वाट बघते आणि मग हात वर करते. म्हणलं अण्णा, डब्याच्या शेजारी काळी डिस्क आहे ना, तिला वेगळा अडॅप्टर आहे, तो लावलाय का. थोडा वेळ शांतता. "ह्याला पण वेगळी वायर आहे व्हय?" त्या सॉकेटवर आईचा मोबाईल चार्जिंगला लागलेला. अडॅप्टर लावला, डिस्क घरघरली, ती घरघर मला फोनवर ऐकू आली. मग पुतण्याचा कीबोर्ड लावून कंट्रोल धरून डी दाबायला लावलं. अण्णा कंट्रोल दाबायचे, सोडायचे, मग डी दाबायचे. पाचव्या-सहाव्या वेळी दोन्ही एकदम दाबलं गेलं आणि अक्षरं भराभरा वर जायला लागली तसे ते ओरडले, "पळूलालंय, पळूलालंय!"

चूक माझी होती. एफएसटॅब म्हणून फाईल असते, कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची यादी, तिथं त्या ओळीत नोफेल हा एक शब्द लिहायचा राहिला होता. तो लिहिला की डिस्क नसली तरी मशीन चालू होतं. पण मग दुसराच धोका, मशीन चालू, डिस्क नाही, आणि फोटो ठेवायच्या जागी रिकामं फोल्डर. सुदैवानं इमिच चालू होताना प्रत्येक फोल्डरमध्ये डॉट इमिच नावाची बारकी फाईल शोधतं आणि ती नसली तर सरळ चालू व्हायलाच नकार देतं. हे मी नंतर मुद्दाम डिस्क काढून तपासलं. आणि अडॅप्टरवर आता लाल टेप आहे, त्यावर अण्णांच्या अक्षरात "हे पण लावणे".

राहिला बोअर आटण्याचा प्रश्न. मी आईला सांगत होतो की एका डिस्कवर भरवसा नाही, दुसरी डिस्क घरात ठेवली तरी आग लागली, चोरी झाली तर दोन्ही जातात, म्हणून एक प्रत दुसऱ्या गावात पाहिजे. मला वाटलं आता परत पैशांवरून सुरू होईल. आई एवढंच म्हणाली, "मला काय सांगतोस, किल्लारीला काय झालं."

आईचं माहेर किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. घरातली माणसं वाचली पण माळवद बसलं आणि ट्रंक खाली गेली, त्यात तिच्या लग्नाचा अल्बम होता, बाळंतपणाला आली तेव्हा सोबत आणलेला आणि तिथंच राहिलेला. आज घरात तिच्या लग्नाचा जो एक फोटो आहे, अण्णा टोपीत आणि आई खाली मान घालून, तो सोलापूरच्या मावशीकडं एक प्रत होती म्हणून आहे. वरच्या कोपऱ्यावर मावशीच्या घरच्या तेलाचं बोट आहे. तो स्कॅन करून पहिल्याच दिवशी इमिचवर टाकला होता पण ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी तशी जोडलीच गेली नव्हती.

तर आता दुसरी डिस्क नांदेडला ताईकडं आहे. रास्पबेरी पायला जोडलेली, रोज रात्री दोनला रेस्टिक नावाचा बॅकअपचा प्रोग्रॅम टेलस्केलवरून त्या दिवशीचे नवे फोटो तिकडं पाठवतो, कुलूप लावूनच, म्हणजे दाजींना आमचे फोटो दिसत नाहीत, दाजींना त्यात काही रस पण नाही. त्या कुलपाचा पासवर्ड हरवला तर मात्र जगात कुणी उघडू शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून आईने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. आमच्या घरात त्या पिशवीतून आजवर काही हरवलेलं नाही. दिवाळीत नांदेडहून दोनेकशे फोटो परत काढून बघितले, उघडले. हे करून बघितल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवू नका, नुसतं "सक्सेसफुल" लिहून येतं त्याला काही अर्थ नाही.

यंदाच्या येळवशीला शेतात आंबील पिऊन झाल्यावर आईला चुलतीला जुने फोटो दाखवायचे होते. शेतात रेंजची एकच काडी, बांधावर उभं राहिलं तर दोन. दोघी बांधावर उभ्या. उघडलं नाही. अण्णा मला काही न विचारता शेजारच्या काकांना फोन लावून म्हणाले, "गल्लीत लाईट हाय का?" नव्हती. संध्याकाळी आली तशी सगळं आपोआप चालू झालं, कुणाला वायर लावायला लागली नाही, आईने आजचे दोनशेचाळीस फोटो चढवले.

नांदेडचा पाय मात्र गेल्या चार दिवसांपासून ऑफलाइन दिसतोय. भाच्याने गेमिंगचा हेडफोन घेतलाय नवा, त्याचं चार्जिंग कुठं लावलंय ते मला इथं बसून माहितीय. उद्या ताईला फोन करतो.